समुद्राच्या पानांची छाट

मुर्रीला समुद्र नाही, हे वेगळं सांगायला नको. गोंदियाच्या कडेचं गाव. एका अंगाला धानाच्या बांध्या, दुसऱ्या अंगाला राईस मिलची धुराडी. समुद्र बघायचा तर कुठल्याही दिशेने निघा, एक अख्खी रात्र रेल्वेत काढावी लागते. तरी २००९ सालच्या एप्रिलमध्ये मुर्रीत दुर्गाबाई रामटेकेच्या घरातून समुद्राचा असा वास सुटला, की गल्लीतली सात मांजरं दारात येऊन बसली. शेजारची चंदा कुडावरून डोकावली.

“सुकट आणली काय वं दुर्गा? अन् मले सांगतली नाही?”

“सुकट नोहय. समुद्रातलं गवत आहे.”

“गवत? तुह्या घरी गाय कधी आली?”

चंदाला समजावत बसायला दुर्गाबाईला वेळ नव्हता, कारण त्या घडीला ती तिच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक निस्तरत बसली होती. ती चूक समजायची तर आधी दुर्गाबाई समजायला हवी.

तिचं माहेर देवरीच्या पुढे, जंगलाला लागून. बाप तेंदूपत्ता तोडायचा आणि पोरगी चालायला लागल्यापासून त्याच्या मागे. पान तोडायचं, पुडके बांधायचे आणि संध्याकाळी फडीवर, म्हणजे जिथे पानाची खरेदी होते त्या मोकळ्या मैदानावर, उन्हासाठी ओळीने मांडून द्यायचे. बापाने तिला शाळेत दोनच वर्षं घातलं, पण एक धडा असा पक्का शिकवला की तो मरेपर्यंत विसरणं नाही. पान ओलं राहिलं की काळं पडतं, उन्हात टाकलं की टिकतं.

लग्न होऊन ती मुर्रीला आली. नवरा रत्नपाल राईस मिलमध्ये पोती वाहायचा. माणूस इतका कमी बोलायचा की पहिल्या महिन्यात दुर्गाबाईला तो मुका वाटला होता. इथे तिने बिडीचं सूप मांडीवर घेतलं ते पुढची तीस वर्षं. तेंदूचं पान घरी यायचं ते कडक वाळलेलं, हात लावला की तुटणारं. त्याला मऊ करायचं, कैचीने मापात कापायचं, शिरा बोटाने चाचपायच्या, तंबाखू भरून वळायचं, तोंड दुमडायचं, धागा बांधायचा. दिवसाला हजार. दुर्गाबाईची बोटं हे सगळं तिला न विचारता करायची. ती तोंडाने भांडत असली तरी बोटांच्या कामात खंड पडत नसे, आणि ती भांडायचीही बरंच.

बिड्या द्यायच्या त्या बिडी कारखान्याच्या बिसरामजी मुनीमाकडे. मुनीम एकेक कट्टा, म्हणजे बिड्यांची जुडी, हातात घेणार, दाबून बघणार, नाकाजवळ नेणार आणि शंभरामागे पाच-दहा बिड्या बाजूला काढणार. त्याला म्हणतात छाट. ही बारकी, ती सैल, तिचं पान डागाळलेलं. छाटलेली बिडी बाईला परत मिळत नसे. मुनीम ती थैलीत घालून घरी न्यायचा आणि संध्याकाळी पानठेल्यावर त्यातलीच एक आरामात ओढत उभा राहायचा. मग वाईट होती तर ओढतो कशाला? हा प्रश्न मुर्रीतल्या प्रत्येक बाईला पडलेला होता. विचारला कुणीच नव्हता. दुर्गाबाईला पैशापेक्षा वेगळंच लागायचं. आपल्या हातची वस्तू कुणीतरी उचलून बाजूला ठेवतो, हेच तिला सहन होत नसे. तीस वर्षांत एक दिवस बिनछाटीचा गेला नव्हता.

या जोडप्याची एकुलती एक पोरगी रीना. १९९९ साली ती नववीत होती आणि गावतळ्यातलं हिरवं शेवाळ काचेच्या बाटलीत भरून घरी आणायची. असल्या सहा बाटल्या खिडकीत जमल्या तेव्हा दुर्गाबाईने त्या पेरूच्या बुडाशी रिकाम्या केल्या आणि घासून त्यात तिखट-मीठ भरलं. रीना दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी रत्नपाल मिलमधून येताना सहा रिकाम्या बाटल्या घेऊन आला आणि खिडकीत ओळीने मांडल्या. त्या घरात पोरीच्या शेवाळाला तेव्हापासून जागा मिळाली.

पुढे गोंदियाच्या कॉलेजात रीनाला हिमांशु बिसेन सर भेटले. बिसेन सर म्हणजे पोवार शेतकऱ्याचं पोर. जुनी स्कूटर, खिशाला कायम शाईचा डाग आणि शेवाळाचं वेड. दोन वेडे एकत्र आल्यावर काय होणार? एम.एस्सी. झाली आणि रीनाने पीएच.डी.ला विषय घेतला प्रवाळाच्या खडकांवरच्या समुद्री शेवाळाचा. गोंदियात बसून समुद्राचा अभ्यास! लोक हसले. सर म्हणायचे, “चंद्राचा अभ्यास करणारे कुठे चंद्रावर राहतात?”

दुर्गाबाईने मात्र पोरीला समोर बसवून नीट विचारलं. हातात कैची चालूच.

“हे उगवते कायले? अन् तू पाहतं कायले?”

“माय, समुद्रात दगडाचे मोठे मोठे बांध आहेत. माणसानं नाही बांधले. इत्तुशा जिवायनं बांधले, चुना गाळून गाळून. त्याले प्रवाळ म्हणतात. त्याच्यावर शेवाळ राहते. काही शेवाळ त्या दगडाले जोडून ठेवते, अन् काही जास्त माजलं त् दगडाले झाकून मारून टाकते.”

“मंग निंदण कोण काढते?”

“मासे. मासे खातात म्हणून माप राहते. मासे कमी झाले, का पाणी तापलं, का सारं बिघडते. कोणत्या दगडावर कोणतं शेवाळ किती आहे, ते मी लिहून ठेवून राहिली.”

दुर्गाबाईला पटलं. बांधीत निंदण म्हणजे तण किती आणि धान किती हे मोजणाऱ्याला येडं कोण म्हणेल?

२००९च्या मार्चमध्ये रीना रामेश्वरमच्या अलीकडच्या बेटांवर जाऊन आली. परवानगी एकाच वेळची होती आणि ती मिळवायला सरांनी दीड वर्ष पत्रं लिहिली होती. ओहोटीच्या पाण्यात गुडघाभर उभं राहून तिने शेवाळ गोळा केलं, तिथल्या तिथे जाड पांढऱ्या कागदांवर पसरून लावलं. शेवाळाला स्वतःचा चीक असतो, वाळता वाळता ते कागदाला आपोआप चिकटतं. लाल, गुलाबी, जांभळं, झाडाच्या फांद्यांसारखं पसरलेलं. एकशे बारा कागद. प्रत्येकावर जागा, तारीख, पाण्याची खोली. हे कागद म्हणजे पुरावा. ते नसले तर प्रबंधात लिहिलेल्या शब्दाला कुणी विचारणार नाही, हे रीनाने आईला दोनदा सांगितलं होतं.

कागद अजून दमट होते आणि कॉलेजात सुट्टीची रंगरंगोटी निघालेली, म्हणून तो गठ्ठा मुर्रीला आला. दोन फळ्यांच्या मधे दाबलेला, वर चार विटा. रीनाला तीन दिवसांसाठी नागपूरला जाणं भाग होतं.

“माय, रोज ओले पेपर काढाचे अन् सुके पेपर घालाचे. बाकी काही करू नोको.”

पहिल्या दिवशी दुर्गाबाईने अगदी तसंच केलं. दुसऱ्या दिवशी फळ्या उघडल्या तर मधल्या कागदांना कुबट वास आणि एका कोपऱ्यात बुरशीचा ठिपका. आता पानाचं असं काही दिसलं की देवरीच्या पोरीने काय करावं? बाप डोळ्यांसमोर उभा राहिला. तिने अंगण झाडलं, शेणाचा सडा वाळू दिला आणि एकशे बाराच्या एकशे बारा पानं फडीवर मांडावीत तशी ओळीने उन्हात मांडली. कोपऱ्यांवर खडे ठेवले. चंदाला बोलावून ती सुंदर ओळ दाखवलीसुद्धा. गोंदियाचं एप्रिलचं ऊन म्हणजे काय, ते खाल्लेल्यालाच माहीत.

चार वाजता ती पानं उचलायला गेली. कागद पापडासारखे वळले होते. लाल शेवाळाचं पिवळट पांढरं झालं होतं, गुलाबीचा रंगच उरला नव्हता, आणि निम्म्या कागदांवरून शेवाळ सुटून अंगणभर उडालं होतं. दुर्गाबाई तिथेच अंगणात खाली बसली. शिकलेली नसली तरी बिघडलेला माल ओळखायला तिला मुनीम लागत नव्हता.

रीना परतली तेव्हा ती दारातच उभी होती. पाणी विचारलं नाही, बॅग घेतली नाही.

“पोरी, मी तुही सारी पानं जाळली.”

रीनाने बघितलं. रडली नाही, ओरडली नाही. संध्याकाळपर्यंत ती अंगणात उडालेलं शेवाळ वेचत बसली, आणि ते दुर्गाबाईला फार जड गेलं. शिव्या दिल्या असत्या तर उलट चार देऊन मोकळी झाली असती. रत्नपालने त्या दिवशी आयुष्यातलं सगळ्यात लांब वाक्य उच्चारलं: “तिच्या सरले बोलावून आणतो मी सायकलनं जाऊन.”

बिसेन सर आले. एकेक पांढरा पडलेला कागद उलटून बघितला, टोपी काढून डोकं खाजवलं आणि विचारलं, “वजनासाठी आणलेला माल कुठे आहे?”

शेवाळ किती भरतं हे तोलण्यासाठी रीनाने प्रत्येक जागेचं थोडं थोडं सावलीत वाळवून, चिठ्ठ्या घालून एका पोत्यात आणलं होतं. ते घरातच कोपऱ्यात होतं. रंग शाबूत होता. पण ते चोळामोळा होऊन वाळलेलं, बोट लावलं की भुगा होणारं. रीनाने एक गुच्छ परातीतल्या पाण्यात टाकला. वरचा भाग एकदम फुगला, आतला कडकच राहिला, आणि उचलताना त्याचे तीन तुकडे झाले. दुसऱ्याचंही तेच. तिसऱ्याने पाणी गुलाबी केलं आणि स्वतः फिका पडला.

दुर्गाबाई दाराच्या चौकटीला टेकून हे बघत होती. आज आपण तोंड उघडायचं नाही, असं तिने ठरवलेलं होतं. चौथा गुच्छ पाण्यात पडला आणि तिचा निश्चय संपला.

“बुडवून कायले राहिले जी? पानाले पाणी पाजाचं असते, बुडवाचं नसते.”

सर म्हणाले, “पाजायचं म्हणजे कसं?”

कसं, हे दुर्गाबाईने तीस वर्षं रोज केलेलं होतं. पोतं ओलं करायचं, पिळायचं, हाताला दमट लागेल एवढंच ठेवायचं. पान त्यात गुंडाळून गार जागी ठेवून द्यायचं आणि सकाळपर्यंत त्याची आठवणही काढायची नाही. घाई करणाऱ्या बाईची बिडी फुटते. सरांना ते पटलं, फक्त त्यांनी एक अट घातली. समुद्राचं पान आहे, तेव्हा पाणी खारं पाहिजे. किती खारं? मोजायचं उपकरण कॉलेजात कुलूपबंद. मग मुर्रीच्या त्या स्वयंपाकघरात तिघं चमच्याने मिठाचं पाणी चाखत बसली. समुद्र तोंडात गेलेली एकटी रीना. ती प्रत्येक चमच्याला तोंड वाकडं करून म्हणायची, “अजून.” सातव्या वेळी ती म्हणाली, “हे. असंच होतं,” आणि तोंड धुताधुता हसली. परतल्यापासूनचं तिचं ते पहिलं हसू होतं, आणि दुर्गाबाईला ते पाहून बरं वाटलं.

सकाळी पोतं उघडलं. आतली पानं मऊ, लवचीक, रंग जसाच्या तसा. आणि घरभर तो वास, ज्याच्यासाठी मांजरं आली आणि चंदाने सुकट विचारली.

पुढचं काम दुर्गाबाईने पोरीच्या हातातून काढूनच घेतलं. परातीत खारं पाणी, पाण्याखाली कागद, त्यावर शेवाळ तरंगतं सोडायचं, सुईने एकेक फांदी मोकळी करायची आणि कागद तिरका करून पाणी न हलवता वर काढायचा. रीनाच्या हातून फांदी तुटायची. दुर्गाबाईच्या हातून तुटत नव्हती. केसाएवढी फांदी ती बोटाने चाचपून ओळखायची, कुठली उलटी पडली आहे आणि कुठली दुमडली आहे. दाबताना कागदावर घालायचं मलमलचं कापड संपलं तेव्हा तिने जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याचे तुकडे केले. त्याला शेवाळ चिकटत नव्हतं. सतरा दिवस हे चाललं आणि सतरा दिवस बिडीचं सूप भिंतीला टेकून होतं. भुगा झालेलं वगळून पुन्हा एकशे बारा कागद उभे राहिले, रोज दोनदा पेपर बदलले गेले आणि ऊन कशाला म्हणतात ते त्या पानांना दाखवलं गेलं नाही.

बिड्या का येत नाहीत म्हणून बिसरामजी मुनीम चौकशीला आला. समोरचे कागद बघून त्याचा हात सवयीने पुढे झाला.

“हात धुवून या जी,” दुर्गाबाई म्हणाली.

मुनीम चक्क हात धुवून आला. एकेक कागद उचलला, दूर धरला, जवळ धरला. दाबून बघता येत नव्हतं ही त्याची मोठी अडचण झाली. शेवटी म्हणाला, “माल चांगला दिसून राहिला. पण खरी छाट त् तपासणारा काढन.”

नेमकं तेच भय दुर्गाबाईला होतं. रीना प्रबंध लिहायला बसली तेव्हा ती म्हणाली, “पहिलं मी जाळलं, तेही लिहून टाक. लपवलेला डाग मुनीमाले पयले दिसते.” रीनाने लिहिलं की पहिला संच उन्हाने खराब झाला आणि राखीव वाळल्या मालातून दुसरा केला. सर म्हणाले, परीक्षक याच्यावरून धारेवर धरतील, पण राहू दे.

तीन वर्षं होत आली. मधे २०१० साली तिकडच्या समुद्राचं पाणी तापलं आणि बरेचसे प्रवाळ पांढरे पडले. रीनाने ती बातमी वाचून दाखवली तेव्हा दुर्गाबाई हळहळली. उन्हाने पांढरं पडणं म्हणजे काय, हे मुर्रीत तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं.

२०१२च्या जानेवारीत कॉलेजात तोंडी परीक्षा झाली. कुणीही येऊन बसू शकतं म्हटल्यावर दुर्गाबाई नवी साडी नेसून मागच्या बाकावर जाऊन बसली, शेजारी रत्नपाल. परीक्षक मदुराईकडचे, पांढऱ्या केसांचे, चष्म्यावरून बघणारे. रीना इंग्रजीत बोलत होती. दुर्गाबाईला त्यातलं काही कळत नव्हतं. पण मग परीक्षकांनी कागदांचा गठ्ठा पुढे ओढला आणि पुढचं सगळं तिला कळायला लागलं.

ते एकेक कागद उचलत होते. दूर धरत, जवळ धरत. आणि एक कागद त्यांनी बाजूला काढून ठेवला.

दुर्गाबाईने एक बोट दुमडलं. थोड्या वेळाने दुसरा. मग लागोपाठ दोन. ती बोटांवर मोजत होती. सात. आठ. रत्नपालने तिच्या हातावर हात ठेवला, तो तिने झटकला. गठ्ठा संपला तेव्हा बाजूला अकरा कागद होते. अकरा! इतकी छाट तर मुनीमानेही एका शंभरात कधी काढली नव्हती. पोरीचं सगळं आपल्या हातांनी बुडालं, असं तिला वाटलं, आणि डोळे भरून आले.

परीक्षकांनी विचारलं, मोडक्या हिंदीत, “पहिला सेट धूप में किसने रखा?”

रीना काही बोलायच्या आत मागून आवाज आला, “मैंने रखा जी. उसकी गलती नहीं है.”

सगळे वळले. दुर्गाबाई उभी होती.

“और ये दूसरा किसने बनाया?”

“वो भी मैंनेच.”

परीक्षकांनी तिला पुढे बोलावलं. तिचे हात बघितले, बोटांवरचे तंबाखूचे डाग बघितले. मग ते सरांशी इंग्रजीत बराच वेळ बोलले. रीना ऐकता ऐकता तोंडावर हात धरून रडायला लागली. दुर्गाबाईला वाटलं, झालं, संपलं.

“माय,” रीना डोळे पुसत म्हणाली, “ते म्हणतात, पाणी तापलं त्याच्या आधीचं इतकं चांगलं लावलेलं शेवाळ त्यायच्याजवळ नाही. हे अकरा कागद मागून राहिले, त्यायच्या संग्रहालयात कायमचे ठेवाले. अन् म्हणतात, खाली लावणाऱ्याचं नाव पाहिजे.”

दुर्गाबाईने एकदा त्या अकरा कागदांकडे बघितलं, एकदा उरलेल्या एकशे एककडे. मग सरांच्या खिशातला शाईचा पेन घेतला आणि दोन वर्षांच्या शाळेत शिकलेली अक्षरं अकरा वेळा काढली. दुर्गा रत्नपाल रामटेके. अकराव्या कागदावर तिचं अक्षर चांगलं वळणदार आलं होतं. परीक्षेचा निकाल तिथेच सांगितला गेला. रीना डॉक्टर झाली.

दुसऱ्या दिवशी दुर्गाबाई बिड्या घेऊन गेली. बातमी आधीच पोचलेली होती, पण मुनीमाला तपशील हवा होता. कट्टा दाबता दाबता त्याने विचारलं, “मंग? निघाली का छाट?”

“निघाली. अकरा.”

मुनीमाचा चेहरा खुलला. “मी म्हणलो नव्हतो? काय केलं त्यायनं त्या अकराचं?”

“तुमी करता तेच,” दुर्गाबाई म्हणाली. “सगळ्यात चांगले होते, ते घरी घेऊन गेले.”

बिसरामजी मुनीमाने हातातला कट्टा तसाच खाली ठेवला. त्या दिवशी त्याने एकही बिडी बाजूला काढली नाही.